ज्याचा पेपर त्याच्या दारात

सरिता, ये गं, अशी जवळ बस. लांबून हात हलवून पळायचं नाही. दोन गुरुवार गेले, तुझी स्कूटर आमच्या गल्लीत वळली नाही. फोन केला तर म्हणतेस, "मावशी, मीटिंगमध्ये आहे." कसली गं मीटिंग? तुझ्या पेपरात मालक तू, बातमीदार तू, शिपाई तू. स्वतःशीच मीटिंग भरवतेस का? आज मी थोडी रागावणार आहे, आणि तेही छापून. म्हणजे तुला फोन कट करता यायचा नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं पेपर विकलेत, धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, मी पेपर विकते, लिहीत नाही. तर म्हणाल्या, बोलता तसं लिहा. मग बोलतेच. तू दिवाळी अंक एकही सोडत नाहीस, हे मला माहीत आहे. तुला तेच तर मी पुरवते.

वाचणाऱ्यांना आधी सांगायला हवं, ही सरिता कोण. एका मोठ्या दैनिकात बातमीदार होती. आमच्या भागातले एक पुढारी आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्याबद्दलची हिची एक बातमी छापून आली नाही. का, विचारलं तर उत्तर मिळालं, पानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, अर्धं पान भरून, फोटोसकट. हिनं नोकरी सोडली आणि स्वतःचं साप्ताहिक काढलं. चार पानं. दर गुरुवारी सकाळी छापखान्यातून स्कूटरवर गठ्ठा आणते आणि माझ्यापुढं टाकते. आणायची. आता दोन गुरुवार झाले.

आमचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. पहाटे जुन्या बसस्टँडपाशी पेपरांच्या गाड्या येतात. तिथं आम्ही एजंट लोक जमिनीवर बसतो, आपापले गठ्ठे सोडतो, मुख्य अंकात पुरवणी घालतो, मग लाइनीप्रमाणं लावतो. लाइन म्हणजे एकाच्या वाट्याची घरं. माझ्याकडं दोन लाइनी. एक भिकाजीकाका करतात, नोकरीतून रिटायर झालेत पण सायकलवरून रिटायर व्हायला तयार नाहीत. दुसरी शैला करते. ती चार घरी धुणंभांडी करते, कामाला जाता जाता पेपर टाकते. लाइन सुटली की उरलेले पेपर स्टॉलवर. माझा स्टॉल म्हणजे कॉलनीच्या कोपऱ्यावरची पत्र्याची टपरी. आधी आमचे हे बघायचे. त्यांची पाठ धरली, सायकल सुटली, आणि मी बसले.

मी शिकलेली दुसरीपर्यंत. अक्षर लागायचं, पण बैलगाडीच्या चालीनं. अंधारात घाईघाईनं फ्लॅटचे नंबर कोण लिहिणार? म्हणून मी पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं खुणा काढायला लागले. देवरे सरांना चष्मा. डॉक्टरीणबाईंना चंद्रकोर, त्यांच्या दारावर तशी नक्षी होती. पावसाळा नसतानाही छत्री घेऊन हिंडणाऱ्या इंजिनिअरना छत्री. पुढं हेडलाइनी लावता लावता मी वाचायला शिकले, पण खुणा काही सुटल्या नाहीत. भिकाजीकाका आणि शैला खुणा वाचतात. तिसऱ्याला त्या कळत नाहीत. पेपरवर खूण पडली की तो पेपर त्या घराचा, हा माझा नियम. हा नियम मला अक्कल विकत घेऊन कळला, ते पुढं सांगते.

गिऱ्हाइकांचे एकेक प्रकार. एक रिटायर फौजी होते, त्यांना घडी मोडलेला पेपर चालायचा नाही. पुरवणी घालायची तर घडी मोडणारच; तर म्हणायचे, "पुरवणी वेगळी द्या, लग्न मी लावतो." एक काकू आधी निधनाचं पान बघायच्या. "आज आपल्यापैकी कुणी नाही," म्हणायच्या, मग चहा ठेवायच्या. आणि एक तरुण नगरसेवक सकाळी सहाला टपरीवर यायचा, सगळी दैनिकं उलगडायचा, स्वतःचा फोटो शोधायचा, आणि चुरगळून परत ठेवायचा. मी म्हणायचे, "अहो, एखादा तरी विकत घ्या." तो हसून म्हणायचा, "मावशी, ज्यात फोटो येईल तो घेतो." हेच आमचे भाऊ. तेव्हा ते एवढेच होते.

आता ती गोष्ट. सरिता, तुला अर्धीच माहीत आहे. सगळी मी कुणाला सांगितलेली नाही.

एके दिवशी बसस्टँडवर भाऊंची माणसं जीप घेऊन आली. एका दैनिकाचं नाव घेऊन म्हणाली, याचे तुमच्याकडचे सगळे अंक द्या, वाटायचेत. आमच्या धंद्यात असा दिवस म्हणजे सणच. न विकलेल्या पेपरचं ओझं घरी न्यायचं नाही, रद्दी नाही. मी त्यांना चहा पाजला. स्टॉलचे अंक दिले, आणि ते "अजून आहेत का" म्हणाले तेव्हा लाइनीचे, खुणा केलेले अंकसुद्धा काढून दिले. चष्मा, चंद्रकोर, छत्री, सगळे जीपमध्ये गेले. आत काय छापलंय ते मी पाहिलंही नाही. मिठाईवाला पेढे विकतो, पण चव तरी घेतो. मी तेवढंही केलं नाही.

मग लोक विचारायला लागले. मी सगळ्यांना एकच सांगितलं, "आज गाडी आली नाही."

दुपारी देवरे सर आले. मूळचे सटाण्याचे, शाळेतून रिटायर झालेले. एरवी शुद्ध बोलायचे, पण चिडले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. टपरीपुढं उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, मना पेपर कोठे शे?"

"गाडी आली नाही सर."

"मी बसस्टँडवर होतो," ते म्हणाले. "पहाटे साडेचारपासून उभा होतो. गाडी आली. जीपही आली."

ते का उभे होते? कारण त्या अंकात भाऊंबद्दलची बातमी होती आणि तिची माहिती सरांनीच दिली होती. कॉलनीतला मोठा भूखंड शाळेसाठी राखलेला होता आणि तो हळूच कागदावरून सुटून भाऊंच्या पाहुण्यांकडं चालला होता. सरांनी महिनोन्‌महिने कचेरीत खेटे घालून कागद मिळवले, बातमीदारानं लिहिलं, छापूनही आलं. आणि आमच्या भागात ते एकानंही वाचलं नाही. मी एकटीनं विकलं असं नाही, आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी विकलं. पण सरांचा चष्मा मी विकला.

ते म्हणाले, "विकलास ते समजू शकतो. पोट आहे. खोटं का बोललीस?"

मी नुसती पेपर सरळ करत बसले. मला वाटलं, आता पेपर बंद करतील. तर म्हणाले, "पेपर चालू राहील. पण उद्यापासून तू स्वतः आणून द्यायचास. आणि दारात उभं राहून मला हेडलाइन वाचून दाखवायची. काय विकतेस ते तुला कळायला पाहिजे." तीन मजले. जिन्याला कठडा नाही. सर असेपर्यंत मी रोज चढले आणि रोज वाचलं. एकदा ताप होता तरी गेले, तर म्हणाले, "आज नुसतंच दे, वाचू नकोस." मी वाचलंच.

त्या भूखंडावर आज लॉन्स आहे. लग्नसराईत बँड वाजतो. आमच्या कॉलनीतली पोरं दोन बस बदलून शाळेत जातात. बँड ऐकला की मला दुसरं काही सुचत नाही, एवढंच सांगते.

तर सरिता, आता तुझी गोष्ट.

लॉन्सच्या पलीकडं एक पट्टा उरलाय. संध्याकाळी तिथं मखमलाबादकडच्या बायका भाजी आणि फुलं घेऊन बसतात. स्वतःच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, शेवंती. तो पट्टा मंडईसाठी राखलेला आहे. पावसाळ्यात एक जाहीर सूचना निघाली, की हे आरक्षण बदलायचं आहे, कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत लेखी द्या. ही सूचना दैनिकात कुठं होती? कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. मी रोज पेपर हाताळते, माझ्याही नजरेला पडली नाही. तुझ्या पडली. तू म्हणालीस, "मावशी, येत्या गुरुवारी पहिल्या पानावर घेते. पट्टा कुणाला जाणार, ते कागदासकट. आणि हरकत कशी लिहायची, कुठं द्यायची, त्याचा नमुना पण छापते."

ही कुणकुण भाऊंना कशी लागली देव जाणे. राखीपौर्णिमेला ते टपरीवर आले. दरवर्षी येतात. कॉलनीतल्या बायका राखी बांधतात, ते साड्या वाटतात. मीही बांधत आलेय, खोटं कशाला बोलू. राखी बांधली, पेढा भरवला. साडीचा पुडा हातात देऊन म्हणाले, "ताई, यंदा ओवाळणी मी मागणार आहे."

"मागा की."

"त्या सरिताचा पेपर ठेवू नका. पोरगी चांगली आहे, पण तिचे कान कुणीतरी भरतंय. तुमची टपरी फुटपाथवर आहे, लोक माझ्याकडं तक्रारी घेऊन येतात. मी आहे म्हणून थांबलंय सगळं."

आवाज एकदम मऊ. गादीत सुई असावी तसा. मी साडीचा पुडा त्यांच्या हातात परत ठेवला. म्हटलं, "भाऊ, राखी बांधली ती बांधली. बहिणीनं धंदा सोडावा असं कुठल्या भावानं ओवाळणीत मागितलंय? पेपर माझा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. तुम्हाला त्यातलं काही खोटं वाटलं तर तिला पत्र लिहा, ती छापते. पहिल्या पानावर छाप म्हणून मी सांगेन."

ते हसले आणि गेले. हात भरून राख्या होत्या, माझी सगळ्यात वर.

मला माहीत होतं, गुरुवारी माणसं येणार. म्हणून ठरवलं, बिनखुणेचा एकही अंक टपरीवर ठेवायचा नाही. चार दिवस घरोघरी फिरले. सरळ सांगितलं, की असा असा अंक येणार आहे, घेणाऱ्याला त्रास होऊ शकतो, घ्यायचा तर आत्ता सांगा. काहींनी दार लावलं. इंजिनिअर साहेब बिचारे खाली बघून म्हणाले, "मावशी, मुलीच्या नोकरीचं भाऊंकडंच अडलंय. माझी छत्री सध्या पुसा." पुसली. त्यांचा राग नाही मला.

पट्ट्यावर गेले तर चंद्रभागाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला कुठं वाचता येतंय वं? पण काढ माझी खूण. मेथीची जुडी काढ. माझी सून वाचून दावील."

शेजारची म्हणाली, "मला शेवंती काढ. आन्‌ बारीक काढू नको, लय मोठी काढ. भ्यायला काय झालं?"

गुरुवारी तू गठ्ठा टाकलास आणि मी बसल्या बसल्या सगळ्या खुणा काढल्या. सात वाजता भाऊंचे पीए आले, राजेश. शिकलेले आहेत, गोड बोलतात. दोघंजण सोबत होते.

"मावशी, सगळे अंक द्या. भाऊंना वाचायचेत."

"भाऊंना इतके डोळे कधी आले?"

"चेष्टा नको. विकायलाच बसलात ना?"

"विकून झालेत."

"विकलेत तर इथं कसे?"

"लग्न ठरलेली मुलगी वऱ्हाड येईपर्यंत माहेरीच असते ना हो?"

त्यांनी एक अंक उचलला, कोपरा पाहिला. दुसरा उचलला. मग मोबाईल काढला आणि एकेका खुणेचा फोटो घ्यायला लागले. मी गिऱ्हाइकांना जपायला खुणा केल्या, आणि आता भाऊंना आयती यादी मिळणार की काय? पण राजेश फोटोकडं बघतच राहिले. "ही मेथी कोण?"

"मेथी म्हणजे मेथी."

"आणि हा कंदील?"

"डोक्यात उजेड पडला की कळेल."

"मावशी, नावं सांगा. तुमचं भलं होईल."

"डॉक्टर पेशंटचं नाव सांगतो का? वकील सांगतो का? मग पेपरवाली काय स्वस्तातली आहे?"

इथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण जीभ चालू झाली की माझी मला आवरत नाही. मी म्हटलं, "एकच सांगते. यातला एक अंक तुमच्या भाऊंच्या घरात जातो. कुठला, ते ओळखा."

राजेशचा चेहरा असा झाला, की भिकाजीकाकांना खोकल्याचं सोंग करावं लागलं. राजेश फोन लावायला बाजूला गेले. तेवढ्यात शैलानं गठ्ठा पिशवीत घातला, काकांनी सायकलला टांग मारली. आठच्या आत मेथी मेथीच्या घरी, शेवंती शेवंतीच्या.

संध्याकाळी मी तुला रंगवून सांगितलं. वाटलं, हसशील. तू हसली नाहीस. "मावशी, हे खरं आहे?" मी म्हटलं, नाही गं, थाप मारली. तू म्हणालीस, "मग उद्या त्यांच्या घरातल्या बायकांवर संशय घेतला तर? आपण खोटं छापत नाही, तर बोलायचं कशाला? दुरुस्ती करा." तर ही घे दुरुस्ती, छापील: भाऊंच्या घरात तो पेपर कुणीही घेत नाही. भाऊ, वाचत असाल तर घरच्यांना काही बोलू नका. मात्र घेतला तर बरं होईल.

पुढच्या सोमवारी अतिक्रमणाची गाडी आली. टपरी फुटपाथवर होती, हे खरंच. पण त्या फुटपाथवरच्या अकरा टपऱ्यांतली एकटी माझीच दिसली. पत्रा उचलला, फळी उचलली, पाच मिनिटांत कोपरा मोकळा. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आमच्या ह्यांनी पाठ दुखत असताना ती स्वतः रंगवली होती, हिरव्या रंगानं. ते घराच्या ओट्यावरून बघत होते. मला म्हणाले, "रंग उडालाच होता."

त्या रात्री तुझा फोन, "मावशी, माझ्यामुळं झालं. मी थांबवते पेपर." आणि तेव्हापासून मीटिंग.

बाई गं, ऐक. टपरी म्हणजे पत्रा. दुसऱ्या दिवसापासून मी घराच्या ओट्यावर बसते. तळमजला आहे, लोक येता जाता घेतात, शिवाय घराजवळ म्हणून आमचे हे खुर्ची टाकून पुरवण्या घालतात. पाठ बरी व्हायला लागली म्हणतात. दोन्ही लाइनी चालू आहेत. फौजींची सून म्हणाली, मावशी, तुमच्या हातचाच पेपर पाहिजे. म्हणजे माझं काही अडलेलं नाही. तुझं काय अडलं?

पूर्वी त्यांना पहाटे जीप काढावी लागायची, माणसं लावावी लागायची, गठ्ठे विकत घ्यावे लागायचे. तू घरी बसलीस तर त्यांना उठायचीही गरज नाही. न छापलेला पेपर सगळ्यात सोपा, तो जाळावाही लागत नाही. तुला वाटतं तू मला वाचवतेस. पण मी एकदा वाचून पाहिलंय, सरिता. त्या दिवशी मला कुणी हात लावला नव्हता, टपरी शाबूत होती, गल्ला भरला होता. आणि टपरीपुढं सर उभे होते, त्यांचा पेपर विचारत.

आणि तुला एक माहीत नाही, कारण तू फिरकलीच नाहीस. तुझा नमुना पाहून लोकांनी हरकती लिहिल्या. चंद्रभागाबाईंच्या सुनेनं बसून पट्ट्यावरच्या सगळ्या बायकांच्या लिहून दिल्या. बाया पाट्या डोक्यावर घेऊन कचेरीत गेल्या. चंद्रभागाबाई सांगत होत्या, "त्या कारकुनाचा हात दुखला वं शिक्के मारून. मला म्हनला, आजी, तुमाला हे सांगितलं कोनी? म्या म्हनलं, पेपरात आलंय, तू वाचत नाय का?" इंजिनिअर साहेबांनीही एक दिली. नाव घालून. मला येऊन म्हणाले, "मावशी, छत्री काढा परत." यांच्या खुणा इथं उघड केल्यात, त्या त्यांना विचारूनच.

आता सुनावणी आहे, दिवाळी झाली की लगेच. बायका बोलणार आहेत. साहेब लोक काय उत्तर देतील, कोण उठून जाईल, कुणाचं बोलणं मध्येच तोडतील, हे सगळं तिथं होणार आहे. दुसरं कुणी येणार नाही लिहायला. आलं तरी जागा नसेल. मी जाणार आहे, शैला जाणार आहे. आम्ही ऐकून येऊ, पण तुझ्यासारखं मांडता येत नाही आम्हाला. कागद कुठला खरा, शिक्का कुठला जुना, ते तुला कळतं. सुनावणीच्या खोलीत तू पाहिजेस, वही घेऊन, पुढच्या बाकावर. मी तुझ्या शेजारी बसेन. उठवायला आले तर दोघींना उठवावं लागेल, आणि माझं वजन तुला माहीत आहे.

म्हणून म्हणते, सुनावणीच्या आधी एकदा ये. बायका तुला भेटायचं म्हणतात, काय बोलायचं ते ठरवायचंय. घर तेच, कोपऱ्यावरून आत तिसरं. मुद्दाम काही आणू नकोस, येताना कोरी वही तेवढी आण. अंक हाती पडला की येत्या रविवारी ये. शनिवारी आलीस तर आणखी बरं.